मधली साखळी

सुवर्णाचा नवरा महेश मालवाहू जहाजावर फिटर होता. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. १९९७ साली त्याने मुंबईतल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडून शिडाची जुनी बोट घेतली. सव्वीस फुटांची, फायबरची, आत झोपायला दोन बाकं आणि चहापुरता ओटा. नोकरी संपली की हिच्यातून थेट केरळपर्यंत जायचं, असं त्याच्या मनात होतं. रजेत घरीच दुरुस्ती करू म्हणून त्याने ती ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली आणि मखमलाबादच्या मळ्यात, आपलं घर आणि थोरल्या भावाचं शेडनेट यांच्या मधल्या पट्टीवर लोखंडी टेकू लावून उभी केली. मग तो जहाजावर निघून गेला.

लोक बोट बघायला यायचे आणि हसून जायचे. सुवर्णाला ती कधीच आवडली नाही. पण निघताना महेशने तिला टेकूंच्या तीन जोड्या दाखवल्या होत्या. समोरासमोरचे दोन टेकू बोटीच्या पोटाखालून साखळीने बांधलेले, पाय फाकू नयेत म्हणून. "एवढं बघत जा," तो म्हणाला होता.

१९९९च्या मेमध्ये दुपारी वादळ आलं. अर्ध्या तासात स्वयंपाकघरावरचे चार पत्रे उडाले. सुवर्णा धान्याची पोती आत ओढत होती, तेव्हा बाहेर मोठा आवाज झाला. पाऊस थांबल्यावर ती दारात आली तर बोट कुशीवर पडली होती. तिच्याखाली कारभारीचं, म्हणजे तिच्या थोरल्या दिराचं शेडनेट. झेंडूची आणि टोमॅटोची सगळी रोपं चिखलात गेली होती.

कारभारी आधीच तिथे उभा होता.

"बघ, तुझ्या नवऱ्याचं खूळ कुठं आलं ते! सोमवारपर्यंत हलली नाय तर करवतीनं तुकडे करून बांधावर टाकीन."

"हात तर लावून बघा."

"लावीनच. माझ्या रानात पडलीय ती."

सुवर्णा बोटीभोवती फिरली. बाजूला हात जाईल एवढं भोक पडलं होतं. वर आडवी बांधून ठेवलेली डोलकाठी वाकली होती. आत वाकून पाहिलं तर गुडघाभर पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गाद्या. मग तिचं लक्ष टेकूंकडे गेलं. पुढच्या जोडीला साखळी होती, मागच्याही. मधल्या दोघांचे पाय फाकून चिखलात रुतले होते आणि त्यांच्यात साखळी नव्हती. तुटलेली कडी नाही, काहीच नाही.

तिने सगळीकडे शोधलं. शेवटी कारभारीच्या विहिरीवर गेली. पाण्याची मोटर वर ओढायच्या कप्पीला तीच जाड, गॅल्व्हनाइज्ड साखळी लटकत होती.

तिची जाऊ शकुबाई तिथेच कपडे धूत होती. सुवर्णाने साखळीला हात घातला तशी ती हळूच म्हणाली, "मागच्या पंधरवड्यात मोटर काढायला आणली व्हती. परत लावा म्हणून मी दोनदा सांगितलं त्यांना. माझं नाव घेऊ नको."

सुवर्णाने साखळी खांद्यावर टाकून आणली आणि कारभारीच्या पायाशी आपटली.

"ही कुणी काढली?"

त्याने साखळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग काय झालं? साखळीच हाय ती. एवढ्या वाऱ्यात बोट तशीबी पडलीच असती."

"साखळी असलेल्या दोन जोड्यांचे पाय फाकले नाहीत, दादा. तिसरीचंच का असं झालं?"

"आवाज खाली कर. थोरल्या दिराशी बोलतीस तू."

"क्रेन उद्या तुमच्या शेतातून येणार. रस्ता अडवलात तर ही साखळी घेऊन गावात घरोघर जाईन."

त्याने चुकलो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी क्रेन आली तेव्हा त्याने फाटक उघडलं आणि पाठ करून उभा राहिला. सुवर्णाने पट्टे कुठे घालायचे ते दाखवलं. बोट उचलली तसा तिच्या पोटातून पाण्याचा लोंढा निघाला. मधल्या टेकूंची साखळी सुवर्णाने स्वतः आवळली.

रात्री महेशचा सिंगापूरहून फोन आला.

"वादळ झालं म्हणे तिकडे. बोट कशी आहे?"

सुवर्णाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? डोलकाठी ठीक आहे ना?"

"मी ठीक आहे," ती म्हणाली. "घराचे पत्रे गेलेत. तुमची बोट पडली होती, उभी केलीय. दादांनी साखळी काढली होती."

मग तो म्हणाला, "त्याला बोललीस की काय? जाऊ दे ना. भाऊ आहे माझा."

तिने फोन ठेवून दिला.

भोक तसंच ठेवलं तर पावसाळ्यात बोट आतून सडणार, हे तिला कळत होतं. सातपूरला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा बहिरू नावाचा कारागीर होता. त्याला तिने आणलं. तो बोटीभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "बाई, टाकी समजूनच करतो. पाणी जायला नको, एवढंच ना?" तीन दिवस त्याने आतून-बाहेरून फायबरचं कापड आणि ते चिकटवणारं रेझिन चढवलं. शेजारी सुवर्णा कडा घासून देत होती. तिचे हात आठवडाभर खाजत होते.

दिवाळीला महेश घरी आला. बॅग खाली ठेवायच्या आधी बोटीकडे गेला. ठिगळावरून हात फिरवत म्हणाला, "रंग जुळला नाही."

"मग घासून काढा आणि पहिल्यापासून करा."

संध्याकाळी तो भावाकडे चहाला गेला, तिथून हसण्याचे आवाज आले. सुवर्णाने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि स्वतः जेवून घेतलं.

"जानेवारीत ही मुंबईला जाईल," दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं. "नाहीतर मी माहेरी येवल्याला जाईन. मग तुमची बोट तुमच्या भावाने सांभाळावी."

"रागावलीस."

"हो."

जानेवारीत ट्रेलर आला. कारभारी ढकलायला आला, महेशच्या पाठीवर थाप मारली. सुवर्णाकडे त्याने पाहिलं नाही. बोट रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा महेशचे डोळे ओले होते. ते सुवर्णाला दिसलं. क्षणभर तिला वाटलं, जवळ जावं. पण गेली नाही.

त्याच आठवड्यात तिने मधल्या पट्टीवर तारेचं कुंपण घालायला घेतलं. कारभारी फाटकातून ओरडला, "आता कशाला? बोट तर गेली!"

"म्हणूनच. आता मधे काहीच उरलं नाही," ती म्हणाली आणि पुढचा खड्डा खणायला लागली.