सहाव्या फर्म्यातलं पान

देशाचं शिक्षण बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सुधारायचं असं सरकारनं ठरवलं, आणि त्या ठरावाचं पुस्तक शिवायला आलं चौथी पास बाईच्या कारखान्यात. त्या मालकिणीला, म्हणजे मोठ्या बाईंना, यात काही नवल वाटलं नाही. "मग कुठे जाणार? लिहिणाऱ्यांना सुईत दोरा ओवता येतो का, विचारा," एवढंच त्या म्हणाल्या.

तीनशे प्रती. उद्या सकाळी संसदेत सदस्यांपुढे ठेवायच्या होत्या. आज चारला गाडी न्यायला येणार.

बाइंडिंगचं काम असं असतं. छापखान्यातून मोठाले कागद येतात, घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि फर्मे ओळीनं लावून शिवतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्यानं एक काळा ठिपका ठेवलेला असतो, आधीच्यापेक्षा जरा खाली. फर्मे बरोबर लागले की पुस्तकाच्या पाठीवर ठिपक्यांची शिडी उतरते. एक पायरी चुकली तर आंधळ्यालाही दिसावं. मोठ्या बाई चाळीस वर्षं अशीच पुस्तकं तपासत आल्या होत्या, आतलं अक्षर न वाचता. कारखान्याचा नियमच होता: हातातला कागद वाचायचा नाही. डोळा गुंतला की हात थांबतो, आणि हात थांबला की चूल थांबते.

नियम मोडणारं माणूस एकच, आणि तेही घरातलं. सूनबाई.

सूनबाई या घरात आली तिला सोळा वर्षं झाली. पहिल्या वर्षी बोटांना भोकं पाडून घेतली. आता तिनं शिवलेलं पुस्तक उघडलं की टेबलावर सपाट पडून राहतं, मिटवल्याशिवाय मिटत नाही. दोन वर्षांपूर्वी सरकारी तंत्रशाळेत बाइंडिंग शिकवायची जागा निघाली तेव्हा ती हौसेनं अर्ज घेऊन गेली. कारकुनानं विचारलं, "डिप्लोमा?" नव्हता. अर्ज हातात घेऊन परत आली. तिथे डिप्लोमावाला मास्तर लागला, आणि त्यानं पोरांना सरस खळखळून उकळायला शिकवलं. उकळलेला सरस पुस्तक धरत नाही, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

म्हणून महिन्यामागे शिक्षण खात्याचे साहेब काम द्यायला आले आणि मसुद्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा सूनबाईच्या हातातली सुई थबकली होती. दहा वर्षं ज्यानं हे काम केलंय आणि समोर करून दाखवलं, त्याला डिप्लोमाशिवाय तंत्रशाळेत शिकवता येईल, असं ते वाक्य होतं.

साडेदहाला तीनशे पुस्तकं शिवून, पाठीला खळ लावून तयार होती. फक्त पुठ्ठे चढवायचे राहिले होते. मोठ्या बाईंनी थप्पीवरून नजर फिरवली, शिड्या पाहिल्या आणि जाहीर केलं, "चोख!"

सूनबाई एक प्रत उघडून उभीच.

"काय गं, पुराण सांगायला बसायचंय का? पुठ्ठे घे."

"आई, शिडी बरोबर आहे. पान चुकलंय."

"शिडी बरोबर तर पान कसं चुकेल?"

"सहावा फर्मा बघा. जुना मजकूर छापलाय. डिप्लोमा हवाच म्हणून. साहेबांनी वाचलेलं वाक्य यात नाहीच."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

खरं सांगायचं तर गप्प बसणं सोपं होतं. मजकुराला बाइंडर जबाबदार नसतो. शिवाय जुनं पान पास झालं तर सूनबाई जन्मभर याच टेबलावर राहणार, आणि कारखान्याचं निम्मं काम तिच्याच हातून उतरायचं. एवढं कळायला चौथीही लागत नाही. मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती थप्पीकडे बघत होती, चकार शब्द बोलत नव्हती. भांडणारी सून परवडते. गप्प राहणारीपुढे सासूला आपलं तोंड आपणच बघावं लागतं.

मोठ्या बाईंनी साहेबांना फोन लावला.

"बाई, आता वेळ कुठे आहे?" साहेब काकुळतीला आले. "मागाहून शुद्धिपत्र जोडू."

"शुद्धिपत्र कोण वाचतं? तुम्ही वाचता?"

उत्तराची वाट न बघता त्या पुढे म्हणाल्या,

"उद्या हात वर होणार ते या छापलेल्या पानावर. तेवढं एक पान नव्यानं छापा. तीनशे. बारापर्यंत पाठवा."

"पण पुस्तकं शिवून झालीत ना? उसवणार?"

"उसवायला मी काय काल सुई धरली? पान पाठवा, पुढचं माझ्यावर सोडा."

"आणि वर काय सांगू? चूक कुणाची?"

"छापली छापखान्यानं. नजरेखालून गेली माझ्या, तेही सांगा. आणि सापडली माझ्या सुनेला, ते सगळ्यात आधी सांगा."

पानं सव्वाबाराला आली. चुकलेलं पान शिवणीजवळ करंगळीच्या नखाएवढी पट्टी ठेवून कापायचं, पट्टीला पातळ खळ लावायची, नवं पान त्यावर बसवायचं. सुरी केसभर घसरली तर शेजारचं पानही जातं.

"सुरी तू धर," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझ्या हातानं आता खळच लावावी."

सून कापत गेली, सासू चिकटवत गेली, आणि कारखान्यातली बाकीची माणसं मागोमाग पुठ्ठे चढवत गेली. जेवण कुणाच्या लक्षातही आलं नाही. चारला रस्त्यावर गाडीनं हॉर्न दिला, परत दिला.

"वाजवू दे. हॉर्ननं खळ वाळत नाही."

साडेचारला साहेब स्वतःच वर आले. एक प्रत उघडली, पानं चाळली, उजेडाकडे धरली.

"बदललेलं पान कुठलं?"

"सापडलं तर आम्हालाही दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि दोरीनं गठ्ठे बांधायला लागल्या.

ठराव पास झाला, त्या वाक्यासकट. तीन महिन्यांनी तंत्रशाळेचे तीन परीक्षक कारखान्यात येऊन बसले. सूनबाईनं त्यांच्यासमोर पुस्तक शिवलं, पाठ गोल केली, पुठ्ठा चढवला. तिघांनी ते आळीपाळीनं उघडून टेबलावर ठेवलं आणि कागदावर सह्या केल्या.

शाळेत रुजू व्हायच्या दिवशी ती दारात घुटमळली. "आई, रविवारी शिवायला येत जाईन."

"रविवारी झोप काढ. आठवडाभर दुसऱ्यांच्या पोरांशी डोकं फोडायचंय." मोठ्या बाईंनी तिच्या पदरावरचा दोऱ्याचा तुकडा उचलून टाकला. "आणि ऐक. त्यांतल्या दोन चांगल्या हाताच्या पोरी हेरून ठेव. शिकल्या की पहिल्यांदा माझ्याकडे पाठवायच्या. माझं शिवणीचं टेबल रिकामं करून चाललीस, ते भरून द्यायचं काम तुझंच."