कुंकवाचं वजन

सुधींद्र सरांनी सव्वीस वर्षं ध्वनीवर संशोधन केलं. तो ध्वनी आजवर कुणी ऐकला नव्हता, सरांनीही नाही. तिळाएवढ्या चिपच्या पाठीवरून सेकंदाला दहा कोटी थरथरी धावत. तिथं माणसाच्या कानाची डाळ शिजत नाही. चिपवर कणभर काही बसलं की थरथरींचा आकडा उतरे, आणि त्यावरून त्या कणाचं वजन निघे. डासाच्या पायाच्या केसाचंही वजन सांगेन, असं सर सांगत. ऐकणारे तोवर डास मारत बसत.

एवढं करूनही सर अजून पूर्ण प्राध्यापक झाले नव्हते. दोनदा समिती आली, दोन्ही वेळा चिप ऐनवेळी रुसली. आता तिसरी समिती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची होती, आणि पुढच्या वर्षाअखेरीस निवृत्ती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, दक्षिणेतल्या सिरुसेरीजवळच्या त्यांच्या कॉलेजात लेथपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत सगळ्यांच्या कपाळी चंदन-कुंकू लागे. फक्त सरांच्या प्रयोगशाळेच्या काचेवर पाटी होती: ‘आत कुंकू आणू नये.’

“सार, अस्क्या लॅबला पोट्टु लावतात, लेथलाही कुंकू आहे,” तंत्रज्ञ चंद्रमौळी म्हणाला. तोही सरांसारखाच तंजावरी मराठी, म्हणून हक्कानं बोले. “आपल्यालाच कसाला नको? दोनदा काय झालं, पाहिलंत ना?”

“विज्ञानाला कपाळ नसतं, मौळी.”

मौळी गेला. सर एकटे उरले. तिसऱ्यांदा हसं झालं तर? बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी शेजारच्या खोलीतल्या लेथचं थोडं कुंकू बोटावर घेतलं. चिपला लावण्याइतके ते वेडे नव्हते. चिप ठेवलेल्या डबीच्या झाकणाला लावलं. कुणाला दिसू नये म्हणून आतून. मग झाकण अलगद बंद केलं आणि शांतपणे घरी गेले.

समितीच्या अध्यक्ष पुण्याच्या डॉ. चित्रा होत्या. चिप जोडली. सरांनी आकडा पाहिला. तो आधीच उतरलेला होता.

“चिपवर काहीतरी आहे,” चित्राबाई म्हणाल्या. “सूक्ष्मदर्शकाखाली बघू या.”

पडद्यावर एक लालभडक धोंडा दिसला. खोलीतल्या सगळ्या माना चंद्रमौळीकडे वळल्या. त्याच्या कपाळावर पूजेचं कुंकू अजून ठसठशीत होतं.

“इथं पूजा कोण करतं?” बाईंनी विचारलं.

मौळीनं सरांकडे पाहिलं, मग खाली मान घातली. “मीच केलो असेन, मॅडम.”

प्राध्यापकपद हाताशी होतं, फक्त गप्प बसायचं होतं. पण या माणसानं अठरा वर्षं त्यांच्यासाठी यंत्रं पुसली होती, आणि सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“त्यानं नाही, मी लावलं,” सर म्हणाले. “झाकणाला, आतून. घाबरलो होतो.”

चित्राबाईंनी चष्मा पुसला.

“वजन किती आहे?”

“अं?”

“कुंकवाचं. तुमची चिप सांगते ना?”

सरांनी हिशेब केला. “चाळीस नॅनोग्रॅम. मिठाच्या कणाचा हजारावा हिस्सासुद्धा नाही.”

“तुमची चिप एवढ्याशा कुंकवाचीही चुगली करते,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही खोटं बोलत नाही. मला याहून जास्त प्रात्यक्षिक नको.”

सर प्राध्यापक झाले. पुढच्या आयुधपूजेला त्यांच्या दाराशी सहा तरुण सहयोगी प्राध्यापकांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात आपापलं उपकरण. कुंकवानं काही झालं नाही, झालं ते मोजमापामुळं, हे सरांनी फळ्यावर आकृत्या काढून तासभर समजावलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, वह्यांत उतरवून घेतलं.

मग पहिल्यानं नम्रपणे विचारलं, “सार, कोणत्या बोटानं लावलं होतंत?”