खविसाच्या मोटरी

धाकटीने चाक शिकंज्यात घट्ट आवळलं आणि मोटरला करंट दिला. चाक हलेना. अंगठ्याएवढी ती मोटर जागच्या जागी कण्हू लागली, मग तारेवरची लाख जळल्याचा करपट, गोडसर वास सुटला. मागोमाग धूर.

"गेली," ती म्हणाली. "जांभईभरसुद्धा टिकली नाही."

तीन मोटरी आणायच्या, एक अशी कोंडून जाळायची आणि उरलेल्या दोन बसवायच्या की नाही ते ठरवायचं, ही तिची रीत. ताटलीत मावतील एवढी लढाऊ यंत्रं ती आणि दादा मिळून करत. मोटरी निवडायच्या तिने, रिमोट दादाच्या हातात. त्यांच्या यंत्राचं नाव खविस, आणि खविसाची जरब होती ती दादाच्या एका खोडीमुळे. समोरच्याला भिंतीशी दाबलं की तो सोडायचाच नाही. खरं तर नियम साधा होता: सोडून मागे या, पंच दहा म्हणेपर्यंत समोरचं यंत्र हललं नाही तर तुम्ही जिंकलात. पण असला विजय दादाला अळणी लागे. समोरच्याने आपल्या तोंडाने 'हरलो' म्हणायला हवं! तोवर तो दाबत राही आणि गर्दी खिदळे.

म्हणून धाकटी इतकी वर्षं जाड, मंद, कोंडल्या तरी चटकन न जळणाऱ्या मोटरी निवडत आली होती. त्याची मस्ती त्या मोटरी सोसत, आणि वाहवा त्याच्या बोटांची होई. याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"या हलक्याच बसव," दादा म्हणाला. "पळतात बघ कशा! तुझी ती जुनी जोडी म्हणजे नुसते धोंडे."

"कोंडल्या की जळतात. आत्ताच पाहिलंस. भिंतीशी नेलंस तर लगेच सोडावं लागेल."

"मला नको शिकवूस गं." तो दाराशी गेला आणि छत्री आठवल्यासारखा मागे वळला. "आणि हो, उद्या स्पर्धेत माझ्या जोडीला चष्मेवाला येतोय, आमच्या ऑफिसातला. चार लोकांत नीट बोलतो. रिंगणाशी दोघांनाच सोडतात ना. तू बस की आईजवळ, मजेत बघ."

धाकटीचे डोळे भरून आले ते तिने धुरावर ढकललं.

"बरं," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने हलक्या मोटरी बसवल्या, तारांना डाख दिला, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासला. कामात कसूर तिने कधी केली नव्हती, त्या दिवशीही केली नाही. मग तिने फडताळातून जुनी जोडी काढली आणि शिकंजा पुन्हा सैल केला.

दुसऱ्या दिवशी खविस वाऱ्यासारखा सुटला. समोर एका शिंपीणबाईंचं यंत्र होतं. पहिल्याच धडकेत त्याचं एक चाक उडालं. दादाने ते भिंतीशी नेलं आणि दाबून धरलं.

"मागे घ्या, मग मोजतो," पंच म्हणाले.

"म्हणा की बाई, हरले म्हणा!" दादा ओरडला.

गर्दी खिदळली. बाई आपल्या रिमोटची दांडी पुढे-मागे ढकलत राहिल्या.

"सोड, दादा," धाकटी पुटपुटली, पण अशी, की शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू जाऊ नये.

खविसाखालून धूर निघाला. बाईंचं यंत्र उरल्या चाकावर लंगडत बाजूला झालं, आणि पंचांनी दहा आकडे मोजले ते खविसासाठी.

हरलेल्याला आणखी एक लढत मिळते. दादा धावतच वर प्रेक्षकांत आला, मागे चष्मेवाला.

"जुनी जोडी आणलीस ना?"

"आणलीय."

"दे, लवकर दे!"

"आधी म्हण."

"काय म्हणू?"

"दुसऱ्यांकडून म्हणवून घेतोस ते."

तो कानापर्यंत लाल झाला. आईने धाकटीचा हात दाबला. "अगं, भाऊ आहे तुझा."

"हरलो," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"हरलो गं बाई, हरलो!"

पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले. धाकटीने पर्समधून डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने घाईने झाकण उघडलं आणि तसाच थांबला. तोच करपट, गोडसर वास.

"काय झालं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दोन्ही जाळून पाहिल्या काल," धाकटी म्हणाली. "चांगल्या होत्या रे, दादा. खूप वेळ टिकल्या."