दादाच्या हाताचा रंग

"आज हे दातांच्या दवाखान्यापाशी भेटले," वहिनी म्हणाली आणि पिशवी काउंटरवर ठेवून पदराने घाम पुसू लागली.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. सुरुवातीला ती असं काही म्हणाली की मी मान डोलवायचे. मग ऐकून न ऐकल्यासारखं करू लागले. पण आता तो तिला बसस्टॉपवर भेटत होता, शिकवणीवर्गाच्या जिन्यात भेटत होता, आणि माझा धीर मुळातच बेताचा. दादाने माझं नाव मिरची ठेवलं ते उगीच नाही.

"बोलले का काही?" मी खवचटपणे विचारलं.

"नाही. नुसते होते."

तेवढ्यात मागच्या खोलीत छपाईच्या मशीनने सुस्कारा टाकला. ते रिकामं बसलं की आपलं आपण शाई ओढून नळ्या साफ करतं, त्यात नवल काही नाही. तरी वहिनी "आले हं" म्हणत उठली आणि आत जाऊन आली. घरात आता आम्ही दोघीच उरलो होतो. हिचंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हातातलं काम उरकलं की तिला डॉक्टरकडे न्यायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

हातातलं काम म्हणजे शाई. आमचं मशीन भिंतीएवढं लांब, दुकानांचे बोर्ड आणि बॅनर छापणारं. त्याच्या कंपनीने त्याची शाई बनवणंच बंद केलं होतं. आता कुठल्या तरी परक्या कंपनीची घ्यायची, आणि ती चुकली तर मशीनचं शाई फवारणारं हेड कायमचं बसणार. हेड बसलं की दुकानही बसलं. असले निर्णय दादा घ्यायचा, मी फक्त त्याच्याशी भांडायचे.

शाईवाला दोन बाटल्या घेऊन आला. माणूस गप्पिष्ट, पण मालाबद्दल खोटं बोलणारा नव्हता.

"ही पहिली ना, ताई, तुमच्या जुन्या शाईची सख्खी बहीण समजा."

"सख्खी की सावत्र?"

"आता तोंड उघडायला लावलंत तर सांगतो. रंग तोच, वासही तोच. पण नांदायला अवघड. हिचा गाळ खाली बसतो, गाळण्या तुंबतात. दुसरी अगदी गुणाची आहे, उन्हापावसाला दाद देत नाही. फक्त तिच्यासाठी रंगाची सगळी सेटिंग नव्याने करावी लागेल. आणि कुठलीही घ्या, जुनीत मिसळू नका. दूध फाटतं तशी फाटेल."

त्याच्याकडे आमच्याच मशीनचा जुळा भाऊ होता. मी त्याला दातांच्या डॉक्टरांच्या बोर्डाची फाइल दिली आणि आमची सेटिंगही दिली. दोन्ही शायांत छापून आणतो म्हणाला.

सेटिंग दादाची होती. रंग मोजायचं यंत्र कपाटात धूळ खात पडलेलं, त्याला ते कधीच पटलं नाही. तो चेहरा छापायचा, कागद काचेच्या दाराशी उजेडात न्यायचा, बाही वर सारायचा आणि आपला हात त्या गालाशी टेकवायचा. गाल आणि हात एक दिसेपर्यंत मशीनशी झटत राहायचा. "आकाश कसंही छाप, मिरचे, कुणी विचारत नाही," म्हणायचा. "कातडी चुकली की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं." गिऱ्हाइकंही खूश. तुमच्याकडचे चेहरे जिवंत वाटतात, म्हणायची.

दोन दिवसांनी शाईवाला छापील पट्ट्या टाकून घाईघाईने पुढे गेला. मी छपाईवर चिकटपट्टी लावून ओढून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पाहिलं. दोन्ही टिकल्या. मग आमच्या मशीनवर उरल्यासुरल्या जुन्या शाईत तोच डॉक्टर छापला आणि तिन्ही चेहरे दाराशी उजेडात मांडले.

दुसऱ्या शाईवर दादाची सेटिंग चाललीच नव्हती, पण तिच्यातला डॉक्टर बघून मला हसूच आलं. अरे, हा तर खरा डॉक्टर! माझी दाढ काढताना याचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं, मला ठाऊक आहे, माणूस पिठासारखा गोरा. मग आमच्या बोर्डावर तो असा तांबूस सावळा कसा? आणि पहिल्या शाईतही तसाच? हसता हसता मी थांबले.

भिंतीवरून दादाचा फोटो उतरवला आणि शेजारी ठेवला. रॅकखालची जुनी कात्रणं ओढून काढली: पार्लरच्या जाहिरातीतली बाई, शिकवणीत पहिला आलेला मुलगा, लहान मुलांच्या दुकानाच्या बोर्डावरचं बाळ. नाकडोळे ज्याचे त्याचे. कातडी सगळ्यांची एक. दादाने सगळं गाव आपल्या हाताच्या रंगात छापून ठेवलं होतं, आणि एवढी वर्षं हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नसावं.

चपला घालायचंही भान राहिलं नाही. तशीच दवाखान्यापर्यंत गेले. बोर्डावर डॉक्टर हसत होते. त्यांच्या डोळ्यांकडे न बघता मी फक्त गालाकडे बघितलं. माझी सायकल मागून धरून पळणारा तो हात. "सोडला नाही गं, सोडला नाही" म्हणत कधीच सोडून दिलेला. मी भर रस्त्यात रडले. आणि वहिनीला मी वेडी समजत होते!

परत आले तेव्हा वहिनी ती सगळी पसरलेली कात्रणं बघत जमिनीवर बसली होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"वहिनी, आपण पहिली शाई घेऊ," मी म्हणाले. "जुन्या सेटिंगवर चालते. दादा राहील."

"तिच्या गाळण्या तुंबतात ना?"

"मी रोज साफ करीन. माझ्यावर सोड."

तिने हातातलं कात्रण खाली ठेवलं.

"मिरचे, तुला वाटतं ते भेटतात म्हणून मला बरं वाटतं?"

मला तसंच वाटत होतं.

"रस्त्याला लागले की वळणावर हे उभे दिसतात. जीव टाकून जवळ जावं, तर कुणीतरी परकाच. मी एकदाच पोचवलं ना गं त्यांना? मग रोज का पोचवायचं?"

ती उठली आणि दुसरी बाटली उचलून माझ्यापुढे धरली. मी हिला डॉक्टरकडे न्यायला निघाले होते, आणि आता मीच ती बाटली घ्यायला तयार नव्हते.

"मला तो हवाय," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. पण बाटली काही तिने मागे घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी नळ्या धुतल्या. त्याने भरलेली शेवटची शाई कॅनमध्ये उतरली, सगळे रंग मिळून काळी झाली. दुकानातला तो गोडसर, डोकं धरणारा वासही संध्याकाळपर्यंत गेला. नवी सेटिंग बसवायला मी चेहरा छापला, दाराशी नेला आणि सवयीने बाही वर केली.

"तुझा नको," वहिनी म्हणाली. "तुझा हात त्यांच्यासारखाच आहे."

मी खाली बघितलं. होता. वहिनीने माझा हात अलगद बाजूला केला आणि आपला त्या गालाशी टेकवला.

आता एकेक करून जुने बोर्ड उतरताहेत. पार्लरचा गेला, शिकवणीचा गेला. वहिनी बाजारात जाते आणि भाव किती चढलेत ते सांगत परत येते. तिला कुणी भेटत नाही. डॉक्टरांनीही नवा बोर्ड सांगितलाय. त्यांना मी कधी माल आला नाही म्हणते, कधी मशीन बिघडलं म्हणते. बोर्ड छापून तयार आहे, गुंडाळून कपाटामागे उभा केलाय.

काल मला घरी यायला उशीर झाला. वहिनी दारातच उभी होती.

"कुठून आलीस?"

"सरळच."

सरळ रस्त्यावर दवाखाना लागत नाही, हे तिला काय ठाऊक नाही? तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"बोलले का काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "नुसता होता."