आतली मूठ

नवरा निवृत्त झाला तेव्हा लोकांनी तिचंच अभिनंदन केलं. जणू बढती तिला मिळाली होती. "आता दोघांनी निवांत राहायचं," असं नणंद म्हणाली, आणि मग चहा पिता पिता "घरच्या अंड्यांची चवच वेगळी" एवढं बोलून आपल्या घरी निघून गेली. काडी टाकून जाणं याला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून चीफच्या डोक्यात कोंबड्या.

चीफ म्हणजे तिचा नवरा. उभा जन्म कोल्ड स्टोरेजच्या नोकरीत गेला, शेवटी तिथला मुख्य मेकॅनिक झाला, म्हणून सगळी गल्ली त्याला चीफ म्हणायची. घरात मात्र तो कुणाचाच चीफ नव्हता, हे त्याला अजून कुणी कळवलं नव्हतं.

"अगं, मागचं खोपटं रिकामंच पडलंय ना?" त्यानं विचारलं.

परसातलं ते खोपटं रिकामं नव्हतं. तिथे एक मोडकी खुर्ची होती आणि दुपारची भांडी झाली की त्या खुर्चीत ती असायची. झाडायला जाते असं सांगून जायची आणि नुसती बसायची. विणकाम नाही, वाचन नाही, काही नाही. दिवसभरात कुणी हाक न मारण्याची तेवढीच जागा. पण हे सांगायचं कसं? 'काय करतेस तिथे?' असं त्यानं विचारलं असतं, आणि 'काही नाही' हे उत्तर त्या घरात कधीच कुणाला पुरलं नव्हतं.

"रिकामंच आहे," ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

मग काय, चीफनं बाह्या सरसावल्या. त्याच्या आयुष्याचा मंत्र एकच: बाहेरची हवा आत शिरली की माल गेला. जुन्या ओळखीतून त्यानं कोल्ड स्टोरेजचे जाडजूड पत्रे मिळवले, भिंती आतून मढवल्या, फट दिसेल तिथे फोम भरला, खिडकी बुजवून टाकली. दाराला रबराची पट्टी बसवली. दार लागलं की असा दबका आवाज यायचा की बाहेरचं जग तिथेच संपावं. बाहेर एक मूठ, आणि आतल्या बाजूला, हाताच्या उंचीवर, आणखी एक भलीमोठी मूठ.

"ही कशाला?" तिनं विचारलं.

"नियम आहे. कुणी आत अडकलं तर आतून उघडता आलं पाहिजे."

"कोंबड्यांना?"

"नियम म्हणजे नियम," चीफ गंभीरपणे म्हणाला. कोंबड्यांना हात नसतात ही बातमी त्याला दुसऱ्या कुणी तरी सांगावी.

कोंबड्या आल्या. तिन्हीसांजेला चीफनं त्यांना आत हाकललं, दार लावलं आणि छाती फुगवून जेवायला बसला. सकाळी उघडलं तर आतून असा भपकारा आला की तोही दोन पावलं मागे सरला. कोंबड्या चोची उघड्या टाकून, झोकांड्या खात बाहेर आल्या. एकही मेली नाही, हे त्यांचं नशीब आणि त्याचंही. मात्र त्यानंतर त्यांनी त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळ झाली की रांगेनं ओसरीवर यायच्या आणि चीफच्या आरामखुर्चीवर चढून बसायच्या. पाठीवर दोन, हातांवर एकेक, उरलेल्या बैठकीवर. चीफ पायरीवर.

नणंद बघायला आली आणि हसून हसून बेजार झाली. "अरे, जाळी लावलेला साधा खुराडा पुरतो. कोंबड्यांना हवा लागते, एवढंही कळलं नाही तुला?"

चीफनं मान खाली घातली. चार दिवसांत ओसरीलगत जाळीचा खुराडा उभा राहिला. कोंबड्या त्यात दिवसा जायच्या. झोपायला खुर्चीच.

"आता त्या खोपट्याचं काय करू?" त्यानं विचारलं. आवाज इतका पडलेला होता की तिला क्षणभर दया आली. क्षणभरच.

"ते मला हवंय. मागच्या भिंतीला एक खिडकी पाडून द्या. घराच्या बाजूला नको."

"तुला कशाला?"

"बसायला. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून मी रोज दुपारी तिथे बसत होते. तुम्ही ते घेतलंत आणि मला फार वाईट वाटलं."

चीफनं आधी खोपट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्हीही कधी विचारलं नाहीत."

त्यानं मुकाट्यानं खिडकी पाडली, तिच्या जुन्या खुर्चीचा मोडका पाय बसवून ती आत ठेवली. ती आत गेली, दार ओढलं. रबर दाबलं गेलं आणि ओसरी, कोंबड्या, कुकर, सगळं बंद झालं. कोल्ड स्टोरेजनं तिच्यासाठी केलेलं हे पहिलंच काम, आणि झकास केलं होतं.

थोड्या वेळानं दार बाहेरून उघडलं. "अगं, चहाची पूड कुठे..."

ती उठली. दाराशीच राहिलेल्या त्याच्या हत्यारांच्या पेटीतून तिनं पेचकस काढला आणि त्याच्या हातात ठेवला.

"आतली मूठ राहू दे," ती म्हणाली. "नियमच आहे. बाहेरची काढून टाका."