भासऱ्यापुढे तीन चौकट

आरमोरीच्या त्या घरात ब्रिजचा सराव ज्या तऱ्हेने चाले, तसा दुसरीकडे कुठे चालत असेल असं वाटत नाही. दादाजी ओसरीवर पानं धरून बसत. त्यांची जोडीदार वच्छला दाराच्या आत, भिंतीला टेकून. आणि उंबऱ्यावर दादाजींची बायको गुणाबाई, तांदूळ निवडता निवडता इकडची बोली तिकडे पोचवायची.

"ते एक बदाम म्हन्ते," ती आत सांगे. मग बाहेर तोंड करून, "हे दोन बदाम म्हन्ते."

कारण वच्छला दादाजींच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे दादाजी तिचे भासरे. भासऱ्यापुढे पदर कपाळाखाली आणि आवाज ओठांच्या आत, ही तिथली रीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी घरात ती त्यांच्याशी एक शब्द सरळ बोलली नव्हती, आणि त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती.

मग ही जोडी जमली कशी? खरा जोडीदार तिचा नवरा मनसाराम. त्याला जंगलखात्यात नोकरी लागली आणि तो पार सिरोंच्याला जाऊन बसला. वच्छलाचे वडील बल्लारशाच्या कोळशाच्या खाणीत हिशेबनीस. तिथल्या क्लबात चौथा भिडू कमी पडला की पोरीला बसवत. हे कानावर आलं तेव्हा दादाजींनी रीतही मोडली नाही आणि खेळही सोडला नाही. बायकोला उंबऱ्यावर बसवलं. माणूस हेकट, पण डोकेबाज.

पंचाईत व्हायची ती वडशाला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे तिथल्या जत्रेत, रात्री नाटक व्हायचं, त्याच मंडपात दुपारी भातगिरणीवाले रामाजी ब्रिजचा सामना भरवत. जिंकणाऱ्याला पितळी गुंड, पाणी भरायचा. तिथे मधे गुणाबाई चालत नसे. जोडीदारानं जोडीदाराला जे सांगायचं ते बोलीतूनच, आणि स्वतःच्या तोंडानं.

मागच्या वर्षी तिथेच घात झाला. दादाजींनी 'एक बदाम' म्हटलं. वच्छलाच्या हातात बदाम तर होतेच, वर राजे-एक्के असे की भासऱ्यापेक्षा तिचाच जोर जास्त. अशा वेळी काय करायचं, हे दादाजींनीच उंबऱ्यावरून शिकवलं होतं. लगेच 'बदाम' म्हणायचं नाही. आधी एक पायरी सोडून वर उडी मारायची आणि आपला दुसराच रंग सांगायचा. त्याचा अर्थ, माझ्याकडे फार आहे, थांबू नका. बदामाला दुजोरा मग द्यायचा.

पण शिकणं वेगळं आणि चारचौघांत थोरल्यानं बदाम म्हटल्यावर 'नाही, चौकट' म्हणणं वेगळं. तिची जीभ वळली नाही. 'दोन बदाम,' ती पुटपुटली. म्हणजे, तुमचं बरोबर आहे, माझ्याकडे थोडंसं आहे. दादाजींनी विश्वास ठेवला आणि थांबले. मग नियमाप्रमाणे तिनं आपली पानं टेबलावर उघडी मांडली, आणि बारा हात आपोआप येत गेले. बोललेले मात्र आठच, कारण बोलीचा आकडा सहा हातांच्या वर मोजायचा. गुंड रामाजींच्या घरी गेला.

घरी आल्यावर दादाजी भिंतीकडे बघून म्हणाले, "पुढच्या साली पाहू. पुन्हा असंच झालं तं उमाजीले घेतो." उमाजी आरमोरीचाच, पानं धरायला बरा, बाकी खेळात सगळा देवाचा भरवसा.

वच्छलाला ते फार लागलं. दिवसभर रोवणी, कापणी, चूल. त्यात ती पानं हातात आली की तेवढा वेळ ती कुणाची सून नसे. ते आता जाणार होतं, आणि तेही पानं येत नाहीत म्हणून नव्हे, तोंड उघडत नाही म्हणून.

या वर्षी वडशाला निघताना बैलांच्या रेंगीत बसताना गुणाबाईनं तिचा पदर ओढला. "सगळं सांगून टाकजो बाई. अर्धं सांगनं म्हंजे फसवनंच हाये. थोडं कमी सांगून मान ठेवला असं वाटते तुले, पन मान्सावर आफत येते."

दुपारचा खेळ शेवटच्या डावावर आला. रामाजी पुढे होते. एका मोठ्या बोलीशिवाय त्यांना गाठणं शक्य नव्हतं, हे बघणाऱ्या पोराटोरांनाही कळत होतं.

दादाजींनी पानं लावली. "एक बदाम."

रामाजी पास.

वच्छलानं आपली पानं पाहिली. बदामाचा राजा, राणी आणि वर दोन. चौकटीचा एक्का, राजा, राणी आणि दोन लहान. किलवरचा एक्का आणि दोन लहान. इस्पिकचं एकच. पुन्हा तेच ताट तिच्यापुढे वाढलं होतं. 'दोन बदाम' अगदी ओठांवर आलं, सवयीनं.

तिनं पदर कपाळावरून मागे सारला.

"तीन चौकट."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. "पाहा बा! भासरा बदाम म्हनून राह्यला अन् सून चौकट!"

दादाजींचा चेहरा लाल झाला. पास म्हणायला त्यांना कुणाची बंदी नव्हती. पास म्हटलं असतं तर सून तिच्या चौकटीसकट तोंडघशी पडली असती आणि थोरल्याचा थोरलेपणा शाबूत राहिला असता. वच्छला त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं एकदा पानं मिटत होती, एकदा उघडत होती.

"तीन बदाम," ते म्हणाले.

"चार बदाम." आता तिचा आवाज मंडपाच्या टोकापर्यंत गेला. चौकटीची उडी कशासाठी होती, ते सांगून झालं.

दादाजींनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं.

"सहा बदाम."

सहा म्हणजे तेरापैकी बारा हात. रामाजींनी पान टाकलं, वच्छलानं आपली पानं टेबलावर मांडली, बदाम उजव्या हाताला. मागच्या वर्षी दादाजी वाकून तिच्या मांडलेल्या पानांतलं हवं ते स्वतःच उचलत होते, तोंडानं अवाक्षर नाही. आज ते मागे टेकून बसले.

"वच्छलाबाई, राजा टाका."

तिनं टाकला.

"वच्छलाबाई, एक्का. आता लहान चौकट." प्रत्येक पानाला नाव घेऊन. हसणारा पुढे सरकून पानं बघू लागला. दादाजी एकेक हात गोळा करत होते आणि त्यांच्या आवाजात असा काही तोरा होता की जणू ती पानं त्यांनीच तिला माहेरून आणून दिली होती. बारावा हात आला. उरलेला एक रामाजींनी घेतला, पण आनंदानं नाही.

गुंड टेबलावर आला. रामाजी खवचटपणे म्हणाले, "दादाजीभाऊ, पुढच्या साली उमाजीले घेनार होते म्हने?"

दादाजी हसले. "मले काऊन इचारता? जोर तिच्या हातात हाये. तिलेच इचारा."

सगळा मंडप तिच्याकडे वळला. भासरे समोर बसलेले होते आणि पदर अजून मागेच होता.

"नाई," वच्छला म्हणाली. "मीच बसन."

मग तिनं गुंड उचलून कमरेवर घेतला आणि रेंगीकडे निघाली. दादाजी तिच्यामागून आले.