चिया-हुंगच्या गाडीची किल्ली

मेलेल्या माणसाची गाडी मी दुकानात घेत नाही. आमच्या युनलिनच्या किनाऱ्याला कुठलाच मिस्त्री घेत नाही. पण युए-मेई वहिनी पोराची मोटारसायकल स्वतः ढकलत घेऊन आल्या, लसणाच्या वखारीपासून माझ्या दारापर्यंत, भर उन्हात. मागचं चाक वाकलेलं, दर फेऱ्याला मडगार्डला घासत होतं. तो आवाज ऐकून मी बाहेर आलो, 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'बसा' म्हणालो.

"मिस्त्री, चाक नंतर बघा," त्या म्हणाल्या. "आधी एवढं सांगा, ही बंद कशी पडली?"

चिया-हुंग त्यांचा थोरला. महिन्यापूर्वी तिन्हीसांजेला बंधाऱ्यावरून उतरणाऱ्या रस्त्यावर वाळूच्या ट्रकनं मागून उडवला. ट्रकवाला म्हणाला, पुढे ना दिवा होता ना आवाज, दिसला तेव्हा ब्रेक लागायची वेळ गेली होती. आणि पोराला एक खोड होती, अख्ख्या गावाला माहीत असलेली. उतार लागला की किल्ली बंद करायची आणि गाडी तशीच सोडून द्यायची, पेट्रोल वाचतं म्हणून. आमच्याकडची निम्मी पोरं हेच करतात. सांगून दमलो मी.

त्याच्या बापानं, वान-फूनं, तेवढंच धरून ठेवलं. आईबापाच्या आधी लेकरू गेलं तर आमच्यात बाप शवपेटीवर काठी टेकवतो, आम्हाला टाकून आधी गेलास म्हणून. टेकवायची ती नावाला. वान-फूनं मारली. काठी मोडेपर्यंत मारली आणि "वाटीभर पेट्रोलपायी!" असं ओरडत राहिला. गाडी भंगारात द्यायलाही तयार नव्हता. लोखंडाचा काय दोष, म्हणे, दोष कार्ट्याचा. धाकटी पेई-शान हीच गाडी घेऊन कामावर जाईल.

पोरानं किल्ली बंद केली होती की नाही, एवढंच वहिनींना हवं होतं. पोलिसांनी गाडी उचलताना किल्ली फिरवलेली, त्यामुळे नुसतं बघून काही कळण्यासारखं नव्हतं. मी त्यांना घरी पाठवलं आणि कामाला लागलो.

बॅटरी मीटरवर चांगली निघाली. फ्यूज शाबूत. किल्ली फिरवली तर दिवे लागेनात. मग हेडलाइट उघडला, किल्ली बसते त्या इग्निशन स्विचचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडला आणि स्विचला वगळून दोन वायरी तारेच्या तुकड्यानं जोडल्या. दिवे लागले. किक मारली, गाडी पहिल्या किकला सुरू. म्हणजे रोग स्विचमध्येच. तार काढून कपलर परत बसवला, किल्ली चालू करून हळूहळू हलवली. दिवा लागला, गेला, लागला, गेला.

किल्ली हलवताना हाताला वजन लागलं, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. किल्लीला अंगारे-ताईतांचा घोसच होता. देवी माझूच्या लाल पुड्या, पितळी भोपळा, घंटी, देवीचा जाड पितळी बिल्ला, नाण्यांची माळ. वहिनी दर साली देवीच्या पालखीमागे चालत जातात आणि पोरासाठी नवा ताईत धुपावरून ओवाळून आणतात. जुना देवळात नेऊन जाळायचा असतो. पण वर्षभर ज्यानं राखलं त्याला जाळायचं कसं, म्हणून त्यांनी एकही जाळला नाही. सगळे किल्लीला. खड्ड्याखड्ड्याला तो घोस हिसके देणार आणि किल्ली आतल्या आत खिळखिळी होणार.

स्विच उतरवला. त्याचा एक बोल्ट डोकं नसलेला असतो, चोरानं काढू नये म्हणून, तो छिन्नीनं ठोकून ठोकून फिरवावा लागला. खालची टोपी उघडली तर आतली तांब्याची पट्टी एका बाजूला झिजून काळी ठिक्कर पडलेली. मी तिथंच बसून राहिलो. फार वाईट वाटलं.

नवा स्विच बसवला, वायरी बांधल्या, चाक सरळ केलं. नवी किल्ली बोटभर, हलकी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं नवराबायको आली.

"मिस्त्री, काय ते एकदा तोंडानं सांग हिला," वान-फू उभ्या उभ्या म्हणाला. "झोपू देत नाही मला."

"किल्ली त्यानं बंद केली नव्हती," मी म्हणालो. "स्विच गेला होता. चालत्या गाडीत इंजिनही गेलं आणि दिवेही."

स्विच गेला होता हे खरं. त्या संध्याकाळी पोरानं किल्ली फिरवली की आधी स्विचच गेला, ते देवीच जाणे. पण मी ठामपणे सांगितलं.

"असा कसा जाईल?"

"जुना झाला होता. झिजतो."

वान-फू पायरीवर बसला. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. वहिनी रडल्या नाहीत. महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला, आणि वाटलं, बरं झालं, बाकीचं माझ्यापाशीच राहू दे.

मग त्यांनी जुन्या किल्लीचा घोस सोडवला आणि नव्या किल्लीत ओवायला घेतला.

"त्याला नाही राखलं देवीनं," त्या म्हणाल्या, "पण पेई-शानला राखेल. पोरगी उद्यापासून त्याच रस्त्यानं जाणार."

मी किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली. घ्यावीच लागली.

"वहिनी, हे लावू नका."

"का हो?"

"जड आहे. या वजनानंच आतली पट्टी झिजते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या घोसाकडे. त्यांना कळायला वेळ लागला नाही. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटलं.

"तो म्हणायचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आई, किल्ली फार जड झालीये, दोनचार काढू का. मी म्हटलं, काढून तर बघ."

"निम्मे मीच आणलेले आहेत," वान-फू एकदम पायरीवरून म्हणाला. "तुझं काही नाही त्यात."

वान-फू जन्मात कधी पालखीमागे चालला नाही. गावात तो त्यावरून बायकोची टिंगल करायचा.

"उगीच खोटं बोलू नका," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्ही मघाशी बोललात ते तरी खरं ना? त्यानं बंद नव्हती केली?"

"नव्हती केली," मी म्हणालो.

"आता तुम्ही ऐकलंत ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. त्यानं मान हलवली.

"मग ते माझ्यावरच राहू दे," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावर नको."